मु. पो. माकणी, हल्ली मुक्काम परदेश

लग्नपत्रिकेत ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे दोन शब्द एका दमात छापतात, त्यामुळे त्यांचा अर्थ एकच असावा असा आपल्याकडे समज आहे. व्हिसाचा पहिला अर्ज भरताच तो दूर होतो. कुटुंब म्हणजे बायको आणि लेकरं. परिवार, म्हणजे आई-दादा, आज्जी, लग्नाची राहिलेली बहीण आणि दावणीची उस्मानाबादी शेळी, माकणीतच राहतो. संयुक्त अरब अमिरातीत तर कुटुंबाला बोलवायलाही पगार किमान ४,००० दिरहम लागतो, किंवा ३,००० दिरहम आणि वर राहायची जागा. तेव्हा मुलाखतीत पगार विचारायला लाजू नये. विनाअनुदानित शाळेत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला हे अवघड जातं. पगार या विषयावर बोलायची त्याची सवय मोडलेली असते.

परदेशी शिकवायला निघालेल्यांसाठीची प्रस्तुत मार्गदर्शिका मुख्यतः अशा सरांसाठी आहे. ‘औंदा अनुदानाचा टप्पा मिळतोय’ हे वाक्य ज्यांनी सलग दहा वर्षं ऐकलं आहे, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलचा पासवर्ड ज्यांना लेकराच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ आहे, त्यांनी पुढं वाचावं. जिल्हा परिषदेच्या कायम गुरुजींनी आधी रजेचं बघावं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पुढं फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जायची वेळ आली, तेव्हा २०२२ मध्ये त्यांच्या रजेची एवढी चर्चा झाली की शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं. पुरस्कार नसलेल्यांनी यावरून अंदाज घ्यावा.

आता कागदपत्रं. बी.एड.ची पदवी आधी विद्यापीठाकडून पडताळून घ्यायची, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. भारत २००५ मध्ये एकमेकांची कागदपत्रं मानण्याच्या अपॉस्टिल करारात गेला, त्यामुळे ओमान, बहरीन आणि अलीकडे सौदी अरेबियाचं काम तेवढ्यावर भागतं. अमिरातीला वर दूतावासाचाही शिक्का लागतो. आपली पदवी खरी आहे हे इतक्या लोकांनी मान्य केल्यावर आपल्यालाही हळूहळू पटू लागतं.

खरी अडचण पदवीची नसते, पत्त्याची असते. उदाहरणार्थ माकणीतले कुणाचेही आजोबा घ्या. आयुष्यभर ते तेरणेकाठच्या शिवाराबाहेर फारसे गेले नाहीत. पण जन्मले निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर १९४८ मध्ये ते बसल्या जागी भारतात आले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात उतरले. १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला, तेव्हा पलीकडची किल्लारी परजिल्ह्यात गेली आणि तिथली सोयरीक एका रात्रीत लांबची झाली. पुढं तालुका उमरग्याचा लोहारा झाला. २०२३ मध्ये उस्मानाबाद जाऊन धाराशिव आलं. एवढी स्थलांतरं झाली, पण सामान एकदाही बांधावं लागलं नाही.

परिणामी सरांच्या टी.सी.वर ‘ता. उमरगा, जि. उस्मानाबाद’ असतं आणि धाकट्या लेकराच्या जन्मदाखल्यावर ‘ता. लोहारा, जि. धाराशिव’. तपासणारा माणूस विचारतो, तुम्ही गाव कधी सोडलं? इथं इतिहास सांगत बसू नये. शंभराच्या की पाचशेच्या, ज्या काय चालत असतील त्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करावं : आम्ही हललो नाही, जिल्हा हलला.

(एकदा मात्र जमीनच हलली होती, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. त्यावर आमच्याकडे विनोद करत नाहीत. भूकंपग्रस्ताचं प्रमाणपत्र इथं नोकरभरतीत लागतं, ते घरीच नीट ठेवावं. परदेशी अर्जात त्याला रकाना नाही.)

यानंतर जन्मतारीख. सरांची १ जून, सरांच्या दादांची १ जून, सासऱ्यांची १ जून. मॅडमची जन्मतारीख वेगळी असेल तर त्यांच्या गुरुजींनी जास्त मेहनत घेतली असं समजावं. जुन्या काळी पोरगं शाळेत आणलं की त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का, एवढं बघत. लागला की सहा वर्षं पूर्ण, लिहा १ जून. परदेशातल्या अधिकाऱ्याला हे कुटुंब जुळ्यांचं वाटतं, किंवा टोळीचं. त्याला कानाची गोष्ट सांगू नये. तो स्वतःचा हात डोक्यावरून नेऊन बघतो आणि फाइल तशीच पडून राहते. शिवाय ही करणी आपल्याच व्यवसायबंधूंची आहे, तक्रार करायची कुणाकडं?

विवाह नोंदणी. लग्न होऊन बारा वर्षं झाली, गाव जेवलं, दोन लेकरं झाली. पण नोंद नाही. ती करायला लग्नपत्रिका लागते. आजवर रद्दी समजलेला तो कागद आता सरकारी पुरावा असतो, त्यामुळे आज्जीच्या ट्रंकेच्या तळातून काढताना तुकडा पडू देऊ नये. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ या ओळीखाली किलबिल म्हणून ज्यांची नावं आहेत, ती बाळं आता डी.फार्मसी करून साक्षीदार व्हायच्या वयाची झालेली असतात. त्यांना घेऊन जावं. मॅडमचं माहेरचं नाव पदवीवर, सासरचं आधारवर आणि पत्रिकेवर नुसतंच ‘चि. सौ. कां.’. या तिघी एकच बाई आहेत, याचं आणखी एक प्रतिज्ञापत्र.

सामान बांधताना आज्जीचं आणि जकात खात्याचं मत वेगवेगळं असतं. आखातात जाणाऱ्यांनी काळ्या मसाल्याची पुडी उघडून त्यात खसखस नाही याची खात्री करावी. आपल्याकडं ती रश्श्याला दाटपणा आणते, तिकडं ती अंमली पदार्थांत मोजतात आणि त्यापायी तुरुंग बघावा लागतो. मालदीवला जाणाऱ्यांनी पूजेच्या मूर्ती नेऊ नयेत, तिथं त्या आणायला मनाई आहे. तुळजाभवानीचा टाक आज्जीकडंच राहू द्यावा; तो तसाही तिनं दिला नसता. शेंगाचटणी, ज्वारीचं पीठ आणि कडक भाकरी न्याव्यात. कडक भाकरी दोन बॅगांच्या मधे ठेवली तर मोडते, वर ठेवली तर खालचं मोडतं.

तिथल्या वर्गाबद्दल थोडक्यात सांगतो. मालदीवमध्ये मुलं दिवेही भाषेत बोलतात. तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडं जाते, त्यामुळे फळा पुसायला कुठून सुरुवात करावी असा प्रश्न पडतो. सुट्टी शुक्रवार-शनिवारी. रविवारी शाळेत जाताना पहिले काही महिने आपण काहीतरी गुन्हा करतोय असं वाटतं. पण सगळ्यात मोठा धक्का वेगळाच आहे. तिथं शिक्षकानं शिकवायचं असतं. मतदार यादी नाही, जनगणना नाही, खिचडीचे तांदूळ मोजायचे नाहीत, कुठला फोटो कुठल्या ॲपवर चढवायचा नाही. सर सकाळी वर्गात जातात, शिकवतात, आणि अकराच्या सुमाराला हात थरथरायला लागतो. अशा वेळी एखाद्या कोऱ्या कागदावर दोन-तीन रकाने आखावेत, कुठलेही आकडे भरावेत, त्याखाली सही करून तो घडी घालून खिशात ठेवावा. हळूहळू बरं वाटतं.

मालदीवमधून घरी फोन रविवारी करावा. आपल्याला सुट्टी नसते, त्यांना असते. मराठवाड्यात तब्येतीआधी पाणी विचारतात, तेव्हा पहिला प्रश्न आपणच टाकावा : धरणात किती टक्के? माकणीच्या निम्न तेरणेचा आकडा कळला की मग बाकीची खुशाली. त्यानंतर आज्जी फोन घेते.

“तिकडं पाणी हाय का?”

समुद्राचा फोटो पाठवून हा प्रश्न सुटत नाही. चौफेर पाणी आहे आणि पिण्याचं तेवढं यंत्रातून गोडं करावं लागतं, हे समजावून सांगावं. डिसेंबर २०१४ मध्ये माले शहरातल्या त्या यंत्राला आग लागली, तेव्हा भारतानं विमानांतून आणि जहाजांतून पाणी पाठवलं, हेही सांगावं.

“विमानानं?” आज्जी थोडा वेळ गप्प राहते. “आपल्या लातूरला रेल्वेनं आलतं की मिरजेवरनं.”

“हो. २०१६ साली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर.”

“मंग काय, सारखंच हाय. लेकरायला एकाच बादलीत न्हाऊ घाल. आन् सांडलेलं पाणी झाडाला टाक.”

झाड चौथ्या मजल्यावर कुंडीत असतं. तरी टाकावं.