५८ वर्षांचा बॉय

डोंबिवलीत माणूस चौथ्या वर्षी ज्युनिअर केजीत बसतो, तिथून ज्युनिअर कॉलेज, मग ज्युनिअर क्लार्क. वकील झालाच, तर ठाणे कोर्टात केस पिकेपर्यंत सिनिअरची बॅग उचलतो. 'ज्युनिअर'च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एवढाच, 'वयानं धाकटा'! इन्फन्ट्रीच्या मुळाशीही इन्फंटच: पोरं ती, घोडा कशाला, चाला पायी.

आमच्या शेजारचे काका ५८ वर्षांचे 'ऑफिस बॉय'. गुडघ्याला पट्टा बांधून सकाळची फास्ट लोकल पकडतात, डब्यात पथ्याचा दुधी. साहेब २६ वर्षांचे.

मराठीत तरी काय? टपरीवर राहिला तर बाळ्या पोऱ्याच. निवडून आला की त्याच बाळ्याचे बाळासाहेब.