अक्षता आणि डिझॉल्व्ह

लग्नाच्या व्हिडिओत ‘सावधान’ म्हटल्याबरोबर चित्र फुटतं. तोवर नवरा नवऱ्यासारखा आणि नवरी नवरीसारखी दिसत असते. मग अक्षता उडतात, एडिटर नेमका तिथेच डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात विरघळवणारं ट्रान्झिशन, टाकतो आणि दोघांचे चेहरे चौकोनी ठिकऱ्यांत वाटले जातात. सगळे मिळून ट्रान्झिशनला धरतात. भांडण सासू-सुनेचं आणि बोलणी खातो दारातला शेजारी, तसं हे आहे. एडिटरने हात न लावलेला तुकडा स्मार्ट रेंडरिंग चालू असलेलं सॉफ्टवेअर पुन्हा रेंडर न करता जसाच्या तसा पुढे सरकवतं, त्यावर साधा शेराही मारत नाही. डिझॉल्व्ह आला की मात्र दोन्ही तुकडे उलगडायचे, मिसळायचे आणि पुन्हा दाबून बसवायचे. संगणकाला पहिल्यांदा खरं काम पडतं ते इथे, आणि कुणीतरी आधीच चुकवलेली सेटिंग्ज उघडी पडतात तीही इथेच.

पुरावा चित्रातच असतो. हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्याचे दात फुटले आणि ते ट्रान्झिशनच्या हद्दीतच राहिले, तर फील्ड ऑर्डरवर संशय घ्यावा. पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमची दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं. डीव्हीत खालचं फील्ड आधी, तर 1080 ओळींच्या इंटरलेस्ड एचडीत बहुधा वरचं. प्रोजेक्टमध्ये हा क्रम उलटा बसला की नवरीचा हार घेतलेला हात पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो, आणि बघणाऱ्यांना वाटतं मुलीचा विचार बदलतोय. चौकोनी ठिकऱ्यांचं कारण वेगळं. व्हिडिओ दाबून साठवणारा नेहमीचा कोडेक संपूर्ण चित्र अधूनमधूनच साठवतो. एरवी काय कुठून कुठे सरकलं एवढंच टिपून ठेवतो. डिझॉल्व्हमध्ये काही न सरकताही सगळीकडचा उजेड आणि रंग बदलत राहतो, आणि वर अक्षता! प्रत्येक दाणा स्वतंत्र दिशेने निघालेला. 2003 मध्ये आलेल्या एच.264मध्ये अशा फेडसाठी खास सोय आहे, पण तांदळाच्या पावसापुढे तीही थकते. ही घाण मग ट्रान्झिशन संपल्यावरही पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत रेंगाळू शकते.

‘ट्रान्झिशन काढलं की दोष जातो, मग दोषी तेच ना?’ हा आक्षेप बिनतोड वाटतो खरा. पण तोच डिझॉल्व्ह प्रोरेससारख्या, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणाऱ्या कोडेकमध्ये एक्सपोर्ट करून पाहावा. ठिकऱ्या गेल्या, तर डिझॉल्व्ह सुटला आणि शेवटचं कॉम्प्रेशन अडकलं. कंगवा तिथेही राहिला, तर फील्ड ऑर्डरकडे वळावं. ‘बिटरेट वाढवा’ हा दुसरा सल्ला तर प्रत्येक मांडवात एक जाणकार काका देतातच. ठिकऱ्यांवर तो लागू पडतो. कंगव्यावर लावला तर कंगवा अधिक सुस्पष्ट दिसतो, इतकंच. रसिकांना न रुचणारी एक गोष्टही इथे सांगायला हवी. ज्याला आपण इतकी वर्षं हसलो, तो बदामाच्या आकाराचा वाइप कोडेकला सभ्य डिझॉल्व्हपेक्षा सहसा सोपा जातो. त्यात दोन चित्रं एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त त्यांच्यामधली कड सरकते.