लालठिपके

त्यांचं खरं आडनाव पेन्सिल्व्हेनियाच्या शिकार परवान्यावर छापलेलं आहे. आमच्या मराठी मंडळात ते कुणाला आठवत नाही. तिथे ते लालठिपके. नव्याने आलेल्या एका बाईंनी तर गणपतीच्या आरतीनंतर भाबडेपणाने विचारलंही, "लालठिपके म्हणजे तुम्ही वाईकडचे का?"

अमेरिकेतल्या कुठल्याही शिकारी कंपूत असा एकजण असतोच. आमच्या वाट्याला मराठी आला, इतकंच. गावी आजोबांच्या पडवीत सांबराची शिंगं टांगलेली. नातू बंदूक उचलण्याजोगा होईपर्यंत 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येऊन बसलेला, त्यामुळे मजल गलोलीपर्यंतच गेली. ती दबलेली हौस इथे येऊन पन्नाशीत उफाळली. पण हरणाच्या दिशेने नव्हे, बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या.

मंडळाच्या पंगतीत श्रीखंडाची वाटी हातात आली की ते सुरू होतात. "साध्या स्कोपमधली फुली काळी. थंडीतली पहाट, काळपट झाडी, तिच्यापुढे काळपट हरीण आणि वर काळी फुली. सांगा, काय दिसणार?" आपण काहीच नाही म्हणतो. "म्हणून मध्ये लाल ठिपका! आत बारीकसा दिवा, नाण्याएवढ्या सेलवर चालणारा." मग जर्मनीतले लोक रानडुकरांसाठी चांदण्यात मचाणावर कसे बसतात, त्यांची ती चौथ्या नंबरची फुली, तिचे तीन जाड दांडे, असं करत करत पुरी थंड होते. त्यांच्याशी वादही घालता येत नाही, कारण चुकीचं ते काही बोलतच नाहीत.

चुकतात ते फक्त नेमाच्या वेळी.

मागच्या ऑक्टोबरात मी त्यांच्याबरोबर रेंजवर गेलो होतो. भर दुपार, लख्ख ऊन, 100 यार्डांवर पांढऱ्या कागदावरचं काळं वर्तुळ. तिथे ठिपक्याची गरज काय, असं विचारणं म्हणजे देवघरात समई कशाला असं विचारण्यासारखं. त्यांनी चाक फिरवून ठिपका पूर्ण पेटवला. पहिली गोळी कागदाच्या डावीकडे. "एक टक म्हणजे कोनाचं पाव मिनिट. 100 यार्डांवर साधारण पाव इंच. चार टक, एक इंच." त्यांनी बारा टक फिरवल्या. गोळी उजवीकडे. सहा टक परत. वारा आला. वारा थांबेपर्यंत त्यांनी मला पॅरॅलॅक्स समजावलं. वीस काडतुसं संपली तेव्हा कागदाचे चारही कोपरे चाळणीसारखे झाले होते आणि मधलं वर्तुळ लग्नात रुसलेल्या आत्याबाईंसारखं एकटं बसलं होतं.

एकदा डोळा फार जवळ नेला. डोळा आणि काच यांत तीन-साडेतीन इंचांचं अंतर लागतं, हे त्यांनीच मला तीनदा सांगितलेलं. बंदुकीने मागे धक्का दिला आणि स्कोपच्या कडेने भुवईच्या वर अर्धवर्तुळ कोरलं. पैठणी नेसून उभे राहिले असते तर चंद्रकोर शोभून दिसली असती.

एक सांगतो, ते त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं, ते 50 मीटरवरून. तिथल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. बारीक भोकातून बघायचं आणि श्वास सांभाळायचा. हे मी लालठिपक्यांना एकदा बोलून गेलो. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बिचारा. दुर्बीण असती तर सोनं आणलं असतं."

सर्वांत ताजी दुर्बीण स्वारोव्स्कीची. ऑस्ट्रियाहून आलेला तो डबा वहिनींनी उघडला. वरचं नाव वाचून त्यांना वाटलं, लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची कानातली असणार. आतून निघाली 56 मिलिमीटर तोंडाची नळी. "अगं, आठ पटीवर ठेवली की 56 भागिले आठ, सात मिलिमीटरचा उजेड थेट डोळ्यात!" ते म्हणाले. साठीकडे झुकलेल्या माणसाची बाहुली अंधारात सहसा पाचेक मिलिमीटरच्या पुढे उघडत नाही. तेव्हा उरलेल्या दोन मिलिमीटरचे पैसे गालावर सांडतात, असा हिशेब वहिनींनी नंतर मला चहा देताना सांगितला. त्या हायस्कुलात गणित शिकवतात.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार उजाडला. पेन्सिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीच्या या मोसमाचं अप्रूप आपल्याकडच्या जत्रेसारखं. आम्ही दोघं नारिंगी जाकिटं चढवून मचाणावर. 250 चौरस इंच नारिंगी अंगावर हवंच, असा कायदा आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला दिसतो, आणि भीती माणसाचीच असते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायची मुभा. त्या अर्ध्या तासासाठीच तर हा सगळा संसार मांडलेला.

आणि हरीण आलं. साठ यार्डांवर, आडवं, शिंगांचं, खाली पडलेली ओकची फळं वेचत. लालठिपक्यांनी बंदूक खांद्याला लावली, चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं. उलटं फिरवलं.

"ठिपका नाही," ते कुजबुजले.

"काळी फुली?"

"ती आहे. ती काचेवर कोरलेली असते, ती कुठे जाणार?"

"दिसते?"

"स्वच्छ दिसते."

"मग मारा की!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सोवळ्यात चपला घालून आलोय. "ठिपक्याशिवाय?" ते म्हणाले, आणि आवाज जरा चढला. हरणाने मान वर केली, आम्हा दोघांचं नारिंगी ध्यान नीट पाहून घेतलं आणि शेपटीचा पांढरा झुपका दाखवत झाडीत गेलं. आठाच्या सुमारास पलीकडच्या टेकडीवर एकच बार वाजला. तिथे शेजारचे म्हातारबुवा वडिलांची जुनी थर्टी-थर्टी रायफल घेऊन बसतात. तिच्यावर काच म्हणून नाही.

लालठिपक्यांनी मचाणावरच घरी फोन लावला. सेल वहिनींनी काढला होता. गाडीच्या किल्लीला तोच लागतो, सीआर 2032. आणि दुर्बिणीच्या टोपणातला जादाचा? तो दिवाळीत, चकलीची भाजणी मोजताना वजनकाटा बंद पडला तेव्हाच गेला होता.

आम्ही उतरलो. थंडीने बोटं वाकत नव्हती. लालठिपक्यांनी खिशातून किल्ली काढली, लांबूनच गाडीकडे रोखली आणि दाबली. पन्नास पावलांवर चारही दिवे एकदम लुकलुकले.

"बघ," ते म्हणाले, "पहिल्याच बारात."