माझ्या गैरहजेरीत

आमच्या फ्रिजच्या दारात, लिंबाचं लोणचं आणि लेकीचं नेलपॉलिश यांच्या मधोमध एक केशरी डबी असते. प्रिस्क्रिप्शन माझ्या नावाचं, पैसे माझे, मांडीही माझीच. फक्त ती डबी उघडायची वेळ येते तेव्हा मी शुद्धीवर नसतो.

डबीत ग्लुकागॉनचं इंजेक्शन आहे. मी बँकेतला माणूस, म्हणून बँकेच्या भाषेत सांगतो: इन्शुलिनने शुगर फारच खाली ओढली, की हे यकृताकडे जाऊन साखरेची मुदतठेव मोडायला लावतं. उपासतापासात ठेव आधीच संपली असेल, तर मात्र चेक वटत नाही.

पहिल्या डबीची मुदत संपली तेव्हा डॉक्टर म्हणाले, फेकण्याआधी संत्र्यावर सराव करा. प्रात्यक्षिक अर्थातच मी दाखवायचं ठरलं. सिरिंजमधलं पाणी कुपीतल्या पांढऱ्या पावडरीत सोडायचं, कुपी हलकेच फिरवायची, द्रावण स्वच्छ दिसलं की परत ओढून घ्यायचं, एवढं सोपं काम. पण मी अर्धं पाणी कालनिर्णयवर उडवलं, कुपी खोकल्याच्या औषधासारखी खळखळून हलवली, फेस आणला आणि सुई संत्र्याऐवजी ते धरलेल्या अंगठ्याला टोचून घेतली. उरलेलं मग हिने मुकाट्याने संत्र्यात घातलं. संध्याकाळी ते संत्रं मी खाल्लं. काही झालं नाही; ग्लुकागॉन पोटात पचून जातं, म्हणून तर सुई.

खरा प्रयोग दसऱ्याला झाला. पानं घेतेय असं स्वयंपाकघरातून ऐकू आलं म्हणून मी इन्शुलिन टोचलं, आणि नेमकं तेव्हाच श्रीखंड आणायचं राहिल्याचं माझ्या लक्षात आलं, कारण ते आणायचं काम माझंच होतं. कोपऱ्यावरच्या डेअरीपुढे ही रांग. इन्शुलिन काही रांग बघून थांबत नाही. घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि ग्लुकोजच्या गोळ्या कालच्या पँटच्या खिशात. डेअरीच्या काचेत कुणी घामाघूम गृहस्थ मध्ये घुसताना दिसले, त्यांना मी रांगेची शिस्त ऐकवली. ते मीच होतो. तरी श्रीखंड घेतलं, दोन जिने चढलो, आणि दारात कोसळलो. एक किलो श्रीखंड हातात धरून, साखरेवाचून.

पुढचं सगळं ऐकीव. समोरच्या काकू साखरपाण्याची वाटी घेऊन धावल्या. हिने त्यांना अडवलं, कारण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. लेकीने एका हाताने १०८ लावला, दुसऱ्या हाताने माझं बोट टोचलं. मीटरवर ३८. शाळेत गणितात मला एवढेच पडायचे, आणि तेव्हाही घरात अशीच पळापळ व्हायची. हिला चष्मा सापडेना, पण संत्र्याच्या पुण्याईने हात चालत राहिले. नव्या कोऱ्या पायजम्यावरूनच सुई मांडीत गेली. मग मला कुशीवर वळवलं, कारण या औषधाने उलटी होऊ शकते.

पंधराएक मिनिटांनी मी डोळे उघडले. प्राण वाचवणाऱ्या बायकोला काय म्हणालो असेन? "अहो बाई, मी आधी आलोय, रांगेत या." आणि काकूंच्या पायांवर उलटी केली. ग्लुकोजचं पाणी प्यालो, थोड्या वेळाने वरण-भात जेवलो, डॉक्टरांनी डोस बदलला, नवी डबी फ्रिजच्या दारात बसली. श्रीखंड काकूंकडे गेलं. त्यावर आता हक्क त्यांचाच होता.

चिडचिड, असंबद्ध बोलणं, साध्या गोष्टीचा गोंधळ: शुगर उतरल्याची ही लक्षणं डॉक्टरांनी पुन्हा एकदा घरच्यांना समजावली. ही म्हणाली, "डॉक्टर, हे तर लग्नापासूनच आहे." तेव्हापासून मी जरा आवाज चढवला, की लेक मीटर घेऊन येते.

परवा वीजबिलावर मी वीस मिनिटं बोललो. मीटरवाले, सरकार, गीझर, लेकीचा हेअर ड्रायर, कुणाला सोडलं नाही. लेकीने शांतपणे बोट टोचलं. दोघी आशेने मीटरकडे बघत होत्या.

११२.

म्हणजे ते सगळं मी शुद्धीत बोललो होतो.