अध्यक्षांच्या मिसेस

रोटरीचं वर्ष एक जुलैला सुरू होतं, आणि गावोगावच्या वृक्षारोपणाचं मूळ या तारखेत आहे असं माझं ठाम मत आहे. अध्यक्ष नवा, पाऊस नवा, उत्साह ओसंडून चाललेला. मग पहिल्याच आठवड्यात माणूस झाड लावणार नाही तर काय करणार? वर्ष जानेवारीत सुरू होत असतं तर ब्लँकेटं वाटली असती, एप्रिलमध्ये होत असतं तर पाणपोई काढली असती. शिकागोच्या पॉल हॅरिस वकिलांनी १९०५ साली तिघा स्नेह्यांना जमवून हा क्लब काढला, तेव्हा महाराष्ट्रातल्या कडुलिंबांचं भवितव्य आपल्या हाती आहे याची त्यांना कल्पना नसावी.

मध्यंतरी एक वर्ष हे अध्यक्षपद आमच्या घरी आलं. त्यासाठी निवडणूक वगैरे होत नाही. जो दोनदा 'नाही' म्हणतो आणि तिसऱ्यांदा गप्प बसतो, तो अध्यक्ष. हे तिसऱ्यांदा गप्प बसले. पदग्रहण समारंभात मावळत्या अध्यक्षांनी यांच्या गळ्यात कॉलर घातली. कॉलर म्हणजे रुंद निळी फीत, आणि तिच्यावर आजवरच्या प्रत्येक अध्यक्षाच्या नावाची पितळी पट्टी. दरवर्षी एक पट्टी वाढते, त्यामुळे क्लब जितका जुना तितकी अध्यक्षाची मान खाली. वर्षभर ती आमच्या कपाटाच्या मुठीला लटकत होती. एकदा रात्री पाहिलं तर हे बनियनवर कॉलर घालून आरशाला 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणत होते. मी आल्या पावली स्वयंपाकघरात परतले.

मी तोवर नुसती 'अ‍ॅन' होते, आता 'फर्स्ट लेडी' झाले. रोटेरियनच्या बायकोला अ‍ॅन आणि मुलांना अ‍ॅनेट म्हणायची पद्धत आमच्याकडे अजून आहे. आमचा बारावीतला अ‍ॅनेट त्यामुळेच कार्यक्रमांना फिरकत नाही. १९८९पासून बायकांनाही रोटरीचं सभासद होता येतं, आणि आमच्या क्लबात दोन डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्या नवऱ्यांना काय म्हणायचं, हा विषय दर सभेत पुढच्या सभेवर ढकलला जातो. फर्स्ट लेडीचं काम तसं सोपं असतं. पुष्पगुच्छ घ्यायचा, तो लगेच मागे द्यायचा, कारण पुढच्या पाहुण्यांना तोच द्यायचा असतो, आणि दीपप्रज्वलनाच्या वेळी 'पंखा बंद करा हो कुणीतरी' असं ओरडायचं.

प्रकल्प कुठलाही असो, आधी फ्लेक्स. वृक्षारोपणाची रोपं रोपवाटिकेतून आली, फ्लेक्स मात्र रोख पैसे मोजून केला. त्यावर चौदा चेहरे होते आणि झाड एकही नव्हतं. पण फ्लेक्स वाया जातो असं म्हणणाऱ्यांनी आमच्या गच्चीवर यावं. उन्हाळ्यात शेजारच्या काकूंच्या कुरडया रोटरीच्या डिस्ट्रिक्ट गव्हर्नरसाहेबांच्या हसऱ्या चेहऱ्यावर वाळत होत्या, आणि खजिनदारांच्या कपाळावर सांडगे. काकू म्हणाल्या, "यांचं कापड जाड आहे हो. लायन्सवाल्यांचं उन्हानं तडकतं."

हो, गावात लायन्सही आहेत. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून डोळे हा त्यांचा हक्काचा प्रांत. आमच्याही क्लबाला मोतीबिंदू शिबिराची हौस. पण तालुक्यात मोतीबिंदू ते किती असणार? दोन्ही शिबिरांच्या याद्यांत तेच आजोबा. एकांचा उजवा डोळा लायन्सकडे झाला, डावा आमच्याकडे. कुठल्या डोळ्यानं चांगलं दिसतं, असं आमच्या सेक्रेटरींनी त्यांना माइकवर विचारलं. आजोबा म्हणाले, "दोन्हींनी तुम्हीच दिसता."

वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम रक्तदान शिबिराचा. रक्तदानाचं महत्त्व सांगणारी भाषणं दहा वाजता सुरू झाली. वक्त्यांपैकी कुणाला शुगर, कुणाचं वय पासष्टच्या पुढे, कुणाची परवाच दाढ काढलेली. ही मंडळी रक्तदानावर बोलत होती तोवर गॅरेजमधली पोरं, दोन कंडक्टर आणि कॉलेजातल्या मुली निमूटपणे रांगेत उभ्या होत्या. बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडतात. बुडाला तर पास, तरंगला तर घरी. बऱ्याच मुलींचे थेंब तरंगले. मंडईतल्या भाजीवाल्या ताईंचाही तरंगला. "अहो, रोज पालेभाजी विकते मी," त्या म्हणाल्या. "विकता, खाता कुठे?" असं आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली. माझ्या मते दिवसभरातलं सगळ्यात उपयोगी काम ते. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

फोटो यांचा काढायचा होता. अध्यक्ष रक्तदान करताना, असा. खरं वाटावं म्हणून यांनी फॉर्म भरला, वजन केलं, बीपी मोजून घेतलं, थेंबही बुडवला. मग बाही सरसावून, हातात स्पंजाचा चेंडू घेऊन कॉटवर आडवे झाले. फोटोग्राफर "हसा सर" म्हणाला, हे हसले, आणि दुसऱ्या बाजूनं रक्तपेढीच्या मुलीनं शीर शोधून सुई घातली. तिच्या दृष्टीनं तो पुढचा दाता होता. यांचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. साडेतीनशे मिलिलिटर रक्त यांनी समाजाला अनवधानानं दिलं. आता ही हकीकत हे सांगतात तेव्हा तीत फोटोग्राफर नसतो. पुरुषांना तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं. हे त्यानंतर दर वेळी देतात, हेही सांगायलाच हवं.

गव्हर्नरसाहेबांच्या व्हिजिटला जिल्हा परिषदेच्या शाळेत आमचं हँडवॉश स्टेशन दाखवलं. दहा नळ, प्रत्येकाखाली दात्याचं नाव. साहेबांनी दुसरीतल्या एका पोराला प्रेमानं विचारलं, "बाळ, हात कधी धुतोस?" "पाणी येतं तेव्हा," पोर म्हणालं. हेडमास्तरांना खोकला आला. पण त्याच संध्याकाळी फेलोशिपला, म्हणजे जेवणाला, पनीरचा पहिला घास घेता घेता एका हार्डवेअरवाल्या सभासदानं टाकीचे पैसे कबूल केले. आता आठवडाभर पाणी असतं. टाकीवर त्याचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत आहे की एसटीतून वाचता येतं. येईना का.

हे क्लबात नवे होते तेव्हाचे पोलिओचे रविवारही मला आठवतात. लसीची थंड पेटी घेऊन हे एसटी स्टँडवर उभे राहायचे आणि प्रत्येक गाडीत चढून पोरांच्या डाव्या करंगळ्या तपासायचे. शाईची खूण नसली की दोन थेंब. रोटरीनं जगभर हे काम १९८५ साली हाती घेतलं. २००९ मध्येसुद्धा भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. शेवटचा सापडला १३ जानेवारी २०११ रोजी, हावड्यात, आणि २७ मार्च २०१४ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. सरकारी यंत्रणा, आशाताई, अंगणवाडीच्या बाया यांचं श्रेय मोठं, पण पेटीवाल्यांचंही आहे. त्या मोहिमेच्या पोस्टरवर चेहरा होता अमिताभ बच्चन यांचा, आमच्यापैकी एकाचाही नाही. शंभर टक्के यशस्वी झालेला आमचा हा एकच प्रकल्प. यातून काय तो निष्कर्ष पुढच्या अध्यक्षांनी काढावा. त्यांच्या फ्लेक्सचं डिझाइन तयार आहे असं कळतं.

तुमच्याही गावात असा एखादा क्लब असेल, आणि तुम्हीही त्याला हसत असाल. खुशाल हसा. पण वय अठरा ते पासष्ट असेल, वजन पंचेचाळीस किलोच्या वर असेल, तर त्यांच्या पुढच्या शिबिराला जा. अकरानंतर जा. तोवर भाषणं संपलेली असतात आणि कॉफी गरम असते.