वर पळ, पण आधी फोन उचल!

प्रशांत महासागरात त्सुनामीचा इशारा देणाऱ्यांत मोठी नावं तीन: जपानची हवामान संस्था, हवाईतलं केंद्र आणि अलास्कातल्या पामर गावचं केंद्र. चौथं केंद्र ठाण्यात आहे आणि ते नात्याने माझी मावशी लागतं. पहिल्या तिघांना भूकंपमापक, समुद्राच्या तळाशी ठेवलेले दाबमापक आणि संगणक लागतात. मावशीला एक टीव्ही आणि महिन्याचं रिचार्ज पुरतं.

30 जुलै 2025. आपल्याकडे पहाटेचे पाच वाजायला पाचेक मिनिटं होती, तेव्हा रशियाच्या कामचात्का किनाऱ्याजवळ 8.8 तीव्रतेचा भूकंप झाला. जपानने आधी 8.0 मोजला, मग आकडा 8.7 वर नेला आणि तीन मीटरपर्यंतच्या लाटांचा इशारा देऊन किनाऱ्यावरच्या सुमारे 19 लाख लोकांना उंचावर जायला सांगितलं. हवाईत भोंगे वाजले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालाही सावध केलं गेलं. आणि ठाण्यात चहाला उकळी फुटायच्या आत आमच्या परिवाराच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश पडला: ‘धाकटा कुठाय???’

मावशीचा धाकटा सॅन होजेला असतो. तिथून उघडा समुद्र गाठायला मध्ये सांताक्रूझचे डोंगर ओलांडावे लागतात. लाटेला त्याच्या घरी यायचंच असतं तर तिलाही तोच घाट चढावा लागला असता. हे त्याने पहिल्या फोनवर मावशीला सांगितलं, दुसऱ्यावर नागपूरच्या आत्याला आणि तिसऱ्यावर सांगलीच्या काकांना. काकांनी डोंगराची उंची विचारली. ती त्याला सांगता आली नाही, आणि त्या क्षणापासून त्याच्या बाकीच्या बोलण्यावरचाही घरच्यांचा विश्वास उडाला.

पुढे टीव्हीवर आलं की पहिली लाट सॅन फ्रान्सिस्कोला आपल्या वेळेनुसार दुपारी एकच्या सुमारास पोचेल. म्हणजे तिकडे मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता. त्या मुहूर्तावर पाच घरांतून पाच फोन गेले. धाकटा झोपेतून दचकून उठला आणि प्रत्येकाने त्याला तेच सांगितलं: ‘झोपला होतास? मग झोप, झोप. उगाच जागू नकोस.’

खरा धोका होता तो मावशीच्या नणंदेच्या मुलाला आणि सुनेला. ती दोघं होनोलुलूला, वायकिकीच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरली होती. तिथला नियम साधा आहे: इमारत दहा मजली किंवा त्याहून उंच असेल तर चौथ्या मजल्यावर किंवा त्याच्या वर थांबायचं. त्या संध्याकाळी शहरातले रस्ते गाड्यांनी तुंबले होते, त्यामुळे ही दोघं शहाण्यासारखी अकराव्या मजल्यावर बसून राहिली. आमच्या गटाला हे पटलं नाही. गटाचा सल्ला होता: लिफ्ट वापरू नका, टेबलाखाली बसा, आणि जमेल तितक्या लवकर इमारतीबाहेर पडून मोकळ्या मैदानात जा. वायकिकीच्या त्या हॉटेलाबाहेरचं मोकळं मैदान म्हणजे समुद्राची वाळू. भूकंपाचा सल्ला त्सुनामीला, पुराचा भूकंपाला आणि उन्हाळी लागल्याचा दोन्हींना. आमच्याकडे आपत्तींमध्ये भेदभाव करत नाहीत.

नणंदबाईंना मात्र सल्ल्यात रस नव्हता. ‘फक्त एकदा व्हिडिओ कॉल कर, डोळ्यांनी बघू दे तुम्हाला’, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलाने कॉल केला. डोळ्यांनी पाहून झालं, डोळे पुसून झाले, मग नणंदबाई म्हणाल्या, ‘आता जरा कॅमेरा समुद्राकडे फिरव ना, इथे सगळे बघायला बसलेत.’ पहिली लाट यायची होती आणि फोनची बॅटरी लाल झाली होती. हॉटेलचे लोक वारंवार सांगत होते की फोन जपून वापरा, सूचना फोनवरच येणार आहेत. पण सरकारी सूचनेपेक्षा ठाण्यातल्या दिवाणखान्याचा हक्क मोठा.

एव्हाना गटावर ज्ञानाचा महापूर आला होता. जपानच्या किनाऱ्यावर अडकलेल्या देवमाशांचा व्हिडिओ आला: ‘मुक्या जिवांना आधी कळतं.’ ते देवमासे चिबा प्रांतात भूकंपाच्या आदल्या दिवशी वाहून आले होते, त्यामुळे ‘आधी’ एवढं खरं. लाटेत गाड्या वाहून जातानाचं जे दृश्य वाहिन्यांवर दिवसभर फिरलं ते जपानच्या 2011 च्या त्सुनामीचं होतं. मग भविष्य सांगणाऱ्या जपानच्या ‘बाबा वेंगा’ अवतरल्या. र्यो तात्सुकी या चित्रकथाकार बाईंच्या पुस्तकातून लोकांनी 5 जुलै 2025 ही महासंकटाची तारीख काढली होती. त्या धास्तीने पर्यटकांनी जपानचे बेत रद्द केले आणि हाँगकाँगहून जाणारी काही विमानंही कमी झाली. 5 जुलैला काहीच घडलं नाही. 30 तारखेला रशियात जमीन हलली तेव्हा सांगलीच्या काकांनी निर्वाळा दिला की भविष्य बरोबरच होतं, बाईंनी बहुधा अधिक मास धरला नसावा.

हैदराबादच्या इन्कॉइस या आपल्या संस्थेने भारताला धोका नसल्याचं सकाळीच जाहीर केलं होतं. वाहिन्यांनी त्याची रीतसर बातमी केली: ‘मुंबईला धोका?’ प्रश्नचिन्ह आमचं, उत्तर हैदराबादचं, आणि उत्तरासाठी पडद्यावर जागा नाही.

थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. जपानच्या ईशान्येकडे सानरिकू नावाचा किनारा आहे. त्सुनामीने तो इतक्या वेळा धुऊन नेला आहे की तिथल्या लोकांनी एक निष्ठुर वाटणारी रीत पाडली. जमीन हलली की ज्याने त्याने, जिथे असेल तिथून, एकट्याने उंचावर पळायचं. आईसाठी थांबायचं नाही, मुलाला आणायला शाळेत जायचं नाही. हे चालतं, कारण घरात आधीच ठरलेलं असतं: मूल वर गेलेलं असणार याची आईला खात्री, आई आपल्याला शोधायला खाली येणार नाही याची मुलाला. 2011 च्या त्सुनामीत याच किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरातली जवळजवळ 3,000 शाळकरी मुलं अशीच वाचली. पळताना मोठ्या मुलांनी लहानांना हाताला धरून नेलं. आमच्या गटावर मी ही हकीकत टाकली. नागपूरच्या आत्याने लिहिलं, ‘कसली ही माणसं, आईलासुद्धा थांबत नाहीत!’ त्यावर सात अंगठे आले.

जपान्यांनी काळजीचीही शिस्त लावली आहे. मोठ्या आपत्तीत फोनचं जाळं तुंबतं, म्हणून 171 हा क्रमांक. त्यावर आपल्या फोन नंबरखाली निरोप ठेवायचा, शोधणाऱ्याने तोच नंबर दाबून तो ऐकायचा. निरोपाला 30 सेकंद. दर महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला लोकांना सरावासाठी ही सोय उघडी असते. आपल्याकडे ती आलीच तर काय होईल ते उघड आहे: ‘हॅलो... हॅलो, हां, मी बोलतोय... येतंय का ऐकू?... जेवलात का?’ इथे 30 सेकंद संपतील आणि माणूस सुखरूप आहे की नाही तेवढं सांगायचं राहून जाईल.

संध्याकाळी निकाल लागले. जपानात इवाते प्रांतातल्या कुजी बंदरात सव्वा मीटरच्या वरची लाट नोंदली गेली, हवाईत माउई बेटावर पावणेदोन मीटरच्या आसपास, कॅलिफोर्नियात क्रेसेंट सिटीला सुमारे सव्वा मीटर. धाकटा सुखरूप, होनोलुलूचं जोडपं सुखरूप. गटावर निराशा पसरली. ‘एवढीशी लाट, आणि केवढा गाजावाजा! उगाच घाबरवतात.’ सकाळपासून घाबरवण्याचं काम ज्यांनी केलं तेच हे म्हणत होते.

याच क्रेसेंट सिटीत 1964 साली अलास्काच्या भूकंपानंतर पहिल्या लाटा ओसरल्यावर लोक दुकानं आवरायला खाली परतले. सर्वांत मोठी लाट चौथी होती. आणि कामचात्काच्या दक्षिणेला, कुरील बेटांवर सेवेरो-कुरील्स्क नावाचं बंदर आहे. 1952 च्या नोव्हेंबरात तिथे अशाच भूकंपानंतर लोक टेकडीवर पळाले आणि पहिलं पाणी ओसरताच घरं बघायला उतरले. मग दुसरी, अधिक मोठी लाट आली. त्या आपत्तीत दोन हजारांवर माणसं गेली आणि सोव्हिएत सरकारने ती गोष्ट वर्षानुवर्षं दडवून ठेवली. 2025 ला त्याच गावाच्या बंदरात पुन्हा पाणी घुसलं, मासळीचा कारखाना बुडाला. या वेळी लोक वर गेले, वरच थांबले, आणि तिथे एकही माणूस दगावला नाही. ‘उगाच’ ते हे.

समुद्र लांबचा आहे असं समजून आपण हे सगळं पाहत असतो, म्हणून आणखी एक तारीख. 28 नोव्हेंबर 1945 रोजी मकरान किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, भूकंप झाला आणि त्याची लाट त्याच सकाळी मुंबईला पोचली. वर्सोवा आणि हाजीअलीकडे माणसं वाहून गेली. मकरानची ती भेग अजून जागच्या जागी आहे. आमच्या खानदानाचं दापोलीकडे समुद्राला लागून घर आहे, मे महिन्यात सगळे तिथेच असतात. म्हणून मी गटावर विचारलं: तिथे कधी भोंगा वाजला तर आपण पळायचं कुठे, आणि एकमेकांसाठी न थांबता जमायचं कोणत्या टेकडीवर? आजवर आलेलं उत्तर एकच, ‘शुभ सकाळ’, सोबत गुलाब. तुमच्या गटावर विचारून पाहा, आणि उत्तर मिळालं तर ते घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा.