दयाळाच्या मागावरचे गृहस्थ

पेडणे आणि डिचोली हे गोव्याचे दोन तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, म्हणजे इतिहासकार ज्यांना 'नव्या काबिजादी' म्हणतात त्यांत ते मोडतात, आणि जुन्या काबिजादींच्या मानाने येथील देवळे, अंगणे आणि तुळशीवृंदावने बरीचशी जागच्या जागी राहिली, ही गोष्ट पक्षिछायाचित्रणाच्या संदर्भात सहसा कोणी विचारात घेत नाही. परंतु या तालुक्यांत रविवारी पहाटे आढळणाऱ्या एका विशिष्ट गृहस्थाचे दुःख समजून घ्यायचे झाल्यास आरंभ तेथूनच करावा लागतो.

हे गृहस्थ बहुधा पुरुष असतात, पन्नाशीच्या आसपासचे असतात, आणि बँकेत, शाळेत किंवा तुये-डिचोलीकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात नोकरीला असून घराचे कर्ज फिटल्यावर त्यांनी दीडशे ते सहाशे मिलिमीटरची झूम लेन्स घेतलेली असते. ही लेन्स घरात सोवळ्यासारखी पाळली जाते, म्हणजे तिला मुलांनी शिवायचे नसते आणि तिची किंमत पत्नीने विचारायची नसते. अंगात पालापाचोळ्याच्या नक्षीचा शर्ट आणि डोक्यावर तशीच टोपी असते. पक्ष्याला आपण दिसू नये हा त्यामागचा हेतू असला तरी तो सफल झाल्याचे दिसत नाही, कारण गावातल्या कुत्र्यांना हे गृहस्थ फार दुरून दिसतात. धनेश आणि कर्णा यांसारखे जंगलातले मानाचे पक्षी सोडून आपण दयाळ आणि चिरक या साध्या पक्ष्यांकडे का वळलो, याचे 'साध्यातले सौंदर्य शोधणे' असे कारण ते सांगतात, आणि ते खोटे म्हणता येत नाही. मात्र गुडघ्यांची अवस्था आणि दुपारी एकपर्यंत माशाच्या हुमणाला घरी पोहोचण्याची निकड ही दोन कारणेही अभ्यासकाने नोंदवून ठेवावीत.

ज्या दोन पक्ष्यांसाठी हा खटाटोप चालतो, त्या दोघांनाही इंग्रजांनी आपल्याकडच्या लाल छातीच्या पक्ष्याच्या आठवणीने रॉबिन म्हटले असले, तरी छातीवर लाल रंगाचा ठिपकाही दोघांच्या वाट्याला आलेला नाही. दयाळ सुमारे 19 ते 20 सेंटिमीटर लांबीचा. त्याचा नर वरून तकतकीत निळसर काळा आणि पोटाकडे पांढराशुभ्र असतो, तर मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखी रंग असतो. लिनियसने 1758 साली त्याची शास्त्रीय नोंद केली आणि बांगलादेशाने त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला. पेडण्यात मात्र त्याला न्हाणीच्या सांडपाण्याजवळचे किडे मिळतात आणि त्यावर तो समाधानी असतो. चिरक त्याहून थोडा लहान, उघड्या रानात राहणारा. नर काळा, खांद्यावर पांढरा पट्टा, आणि सदैव उभारलेल्या शेपटीखाली विटकरी रंग, जो पक्षी पाठमोरा झाल्यावरच नीट दिसत असल्याने त्याच्या उत्तम छायाचित्रांत तोंडाला दुय्यम स्थान मिळते.

दयाळ हा माणसाच्या शेजाराने, म्हणजे येथे त्या जागच्या जागी राहिलेल्या अंगणांत, राहणारा पक्षी आहे. त्याला भिंतीतले भोक घरट्यासाठी चालते, विहिरीचा कठडा बसायला चालतो, आणि मार्चपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत तो भल्या पहाटे गातो ते माडाच्या शेंड्यावरून किंवा छपरावरच्या अँटेनावरून. उलट, आंतरराष्ट्रीय छायाचित्रस्पर्धांच्या निसर्ग विभागाची व्याख्या अशी आहे की, चित्रात माणसाच्या हातची वस्तू दिसू नये आणि दिसली तर ती संगणकावर पुसू नये. घुबडे आणि करकोचे यांसारख्या, माणसाच्या वस्तीशी जुळवून घेतलेल्या जीवांना त्याच व्याख्येत सवलत दिलेली आहे. परंतु या गृहस्थांचा सवलतींवर विश्वास नसतो. म्हणून ज्या घरामुळे पक्षी तेथे आहे ते घर चौकटीबाहेर ठेवून पक्षी तेवढा चौकटीत घेणे, हे त्यांच्या कलेचे मुख्य सूत्र होऊन बसते. ते साधण्यासाठी ते कुळागरात, म्हणजे पाटाच्या पाण्यावर वाढवलेल्या सुपारी-नारळाच्या बागेत, चिखलावर आडवे होतात, दांडीवरचे कपडे काढता येतील का असे अनोळखी माणसांना विचारतात आणि बादल्या हलवतात. पक्षी मात्र पुढच्या क्षणी हलवलेल्या बादलीवर जाऊन बसतो.

या घरातली वडीलधारी बाई ओसरीवरून हे सारे पाहत असते. "कितें सोदता, बाब?" या तिच्या प्रश्नाला गृहस्थ ओठांवर बोट ठेवून उत्तर देतात. वास्तविक घरटे न्हाणीच्या मागच्या भिंतीत आहे, ते मुख्यतः मादीनेच बांधले, अंड्यांवरही तीच बसते आणि नर तेवढा वेळ गात असतो, ही पक्षिशास्त्राला मान्य असलेली माहिती तिला न वाचता ठाऊक असते, पण गप्प बसण्याची खूण झाल्यामुळे ती सांगायची राहून जाते. तसेही गृहस्थांच्या हार्ड डिस्कवर नराची हजारो छायाचित्रे असतात आणि मादीची असतात ती नर समजून घेतलेली.

नराचे छायाचित्र अवघड असते, हे त्यांच्या बाजूने कबूल केले पाहिजे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने करडे आहे असे धरून चालतो. काळा पक्षी चौकटीत मोठा आला की तो चित्र उजळ करू पाहतो आणि मग पोटाचा पांढरा भाग तपशील गमावून कोरा होतो, ज्याला या वर्तुळात 'पांढरा जळणे' म्हणतात. पांढरा वाचवावा तर काळ्यात डोळा हरवतो, आणि डोळ्यात चमक नसलेला पक्षी मित्रमंडळींत मेलेला समजला जातो. त्यामुळे सकाळी नऊनंतरच्या उन्हाला हे गृहस्थ वैयक्तिक शत्रू मानतात. पक्ष्याची ध्वनिमुद्रित हाक वाजवून त्याला जवळ आणणे पक्ष्याच्या दृष्टीने त्रासाचे असते आणि ते हीन समजले जाते. हीन समजणाऱ्यांच्या फोनमध्ये ती हाक केवळ अभ्यासासाठी असते. प्रत्यक्षात विणीच्या हंगामात दयाळ नर स्वतःच्या प्रतिबिंबावरही तुटून पडतो, आणि गृहस्थ झुडपात दबा धरून असताना तो बहुतेक वेळा त्यांच्याच स्कूटरच्या आरशाशी भांडत असतो.

कुळागरातल्या बादल्यांना कंटाळलेला छायाचित्रकार सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, चिरकाकडे जातो. तेथे घर नाही, दांडी नाही, मागे तांबूस दगड आणि वर आकाश. परंतु पेडण्यात आणि डिचोलीत जांभा चिरे कापून विकण्यासाठीही असतो, आणि चिरकाला उंच बैठक हवी असल्याने चिरेखाणीजवळ तो नेमका रचून ठेवलेल्या चौकोनी चिऱ्यांवर बसतो. मोपाच्या पठारावर 11 डिसेंबर 2022 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून त्या बाजूला हातभर लांबीची लेन्स रोखून पालथे पडलेल्या इसमाला आपण शेपटीखालचा विटकरी रंग टिपत आहोत हे कोणत्याही सुरक्षारक्षकाला पटवून देणे कठीण झाले आहे, आणि ज्यांनी तसा प्रयत्न केला ते आता मये तलावाकडे जातात.

अशा साधनेतून क्वचित एखादे निर्दोष छायाचित्र निघते: काळ्यात निळी झाक, पांढऱ्यात पिसे वेगळी, डोळ्यात ठिणगी, आणि मागे घराचा मागमूस नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकल्यावर बत्तीस अंगठे येतात आणि तेहतिसावा सदस्य शेपटीवरून गेलेली काडी दाखवून देतो. गृहस्थ पुढच्या रविवारी त्याच कुळागरात, त्याच फणसाखाली हजर होतात आणि ओसरीवरच्या बाईला आपली अडचण प्रथमच शब्दांत सांगतात. तेव्हा तिचा मुलगा आतून कोयता घेऊन येतो आणि पाहुण्याची गैरसोय नको म्हणून काडीच नव्हे, तर ती जिच्यावर होती ती सबंध फांदी तोडून देतो. दयाळ त्यानंतर विजेच्या तारेवर बसू लागतो.